तीनचा शो

आम्ही नेहमी तीनचाच शो बघतो.
सहाच्याला गेलं तर जेवण बुडतं,
दिवस मावळल्यावर आमच्याकडं ताट नाही.
त्यामुळं माझ्या आयुष्यातले सगळे सिनेमे
उन्हातून आत जाऊन
उन्हातच बाहेर येतात.
रडलेलं झाकायला सांगलीनं मला
कधी अंधार दिला नाही.

परवाच्या सिनेमात ती दोघं
स्टेशनवर सुटतात एकमेकांपासून.
गाडी हलते. तो धावत नाही
(आजकालचे धावत नाहीत, बरं केलं).
ती खिडकीच्या गजावर हात ठेवते,
हलवत नाही, नुसता ठेवते.
सगळं थेटर नाक ओढायला लागलं.
पुढच्या रांगेतली कॉलेजची पोरगी
ओढणीत तोंड खुपसून बसली.

मला काहीच झालं नाही.
मी ह्यांच्या हाताकडं बघत होते.
लाह्यांच्या पुड्यात गेलेला हात
आतच राहिला होता.
पाच मिनिटं.
मोजली नाहीत, पण पाच.

इंटरव्हलला लाह्यावाला म्हणाला,
काय सन्मतीशेठ, अजून एक देऊ?
हे म्हणाले, आहे की अजून.
पुडा भरलेलाच होता.

मग शेवटाकडं
हिरोचं लग्न झालेलं असतं.
बायकोला दोन सीन.
नाव एकदाच, तेही सासूच्या तोंडी.
पहिल्यात ती दार उघडते.
दुसऱ्यात तो गॅलरीत पाठमोरा उभा,
ती चहा आणते, थांबते,
हाक मारावी का याचा विचार करते,
कप कठड्यावर ठेवते
आणि गार होईल म्हणून
वर बशी झाकते.
बस्स. कॅमेरा त्याच्यावर,
त्याच्या मागं डोंगर, सनई की काय ते.

तिथं मी रडले.
चांगली हुंदके देऊन.
हे दचकले. म्हणाले, काय झालं गं?
आता तर काहीच चाललेलं नाही.

बावीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यात,
यार्डातल्या अडतीच्या जुन्या खतावण्या
मी गच्चीवर ऊन द्यायला पसरल्या होत्या.
एकीत लग्नाची पत्रिका निघाली.
चि. सौ. कां. मृणालिनी, समडोळी.
आमच्यातलं कुणी नव्हतं त्या नावाचं.
कोपरे पिवळे होते.
ती शुभाची हळद होती
की दुकानातली, राजापुरी, पोत्यांवरून उडालेली,
वास घेऊनही कळलं नाही.
होती तिथं परत ठेवली.
पान एकशे चौदा.
खाली कुणाची तरी तेरा पोत्यांची उधारी.

मला कधी राग आला नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं असतं,
पण कुणी विचारलंच नाही.

सिनेमा काढणाऱ्या त्या माणसाचा मात्र आला.
स्टेशनवर त्यानं अर्धा तास घालवला,
गजाचा रंगसुद्धा मला पाठ झाला.
मला बघायचं होतं,
बशी झाकून ती कुठं गेली.
आत जाऊन बसली का?
दुसरा कप होता का तिचा?
का भाजी निवडायला घेतली,
आणि निवडताना कोणतं गाणं
तिच्या तोंडात आलं,
तिचंही एखादं स्टेशन असेल की,
तासगावच्या स्टँडएवढं लहान का असेना.
माझं होतं.
ते मी इथं लिहिणार नाही.

बाहेर आलो तर डोळे मिटावे इतकं ऊन.
स्कूटरवर मी मागं, मध्ये पिशवी.
आयर्विनवर हे नेहमीसारखे हळू झाले.
खाली कृष्णा उन्हाळ्यातली,
म्हशी पार मधोमध उभ्या.

शेवट उगाच लांबवलाय, हे म्हणाले.
मी हं केलं.
पूल संपत आला तेव्हा,
मान न वळवता,
वाऱ्यात अर्धं उडून जाईल असं,
म्हणाले,
त्या बाईच्या कपाचा टवका उडालेला होता.
फुटका कप तिनं स्वतःच्या बाजूला फिरवून ठेवला.
बघितलंस का?

नव्हतं बघितलं.
मी रडत होते ना.

घरी पोचलो तेव्हा सांगलीवाडीत
दिवस वीतभर शिल्लक होता.
चार भाकरी झाल्या.